लोकसंख्येवर खापर फोडणे सोपे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ जुलै आला की आपल्या अंकात लोकसंख्या दिनाचा लेख येणार, हे आता पंचांगात छापायला हरकत नाही. यंदाही आला. नळाला आठ दिवसांनी पाणी येते, कारण लोकसंख्या. सातपुडा बोडका झाला, लोकसंख्या. बाजारात पाय ठेवायला जागा नाही, लोकसंख्याच. लेखकमहाशयांना त्या दिवशी सर्दी झाली असती तर तीही त्यांनी याच खात्यात मांडली असती.

हेच उत्तर मला आमच्या पालिकेत मिळाले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्हजवळ पाइप फुटलेला आहे. पाणी सुटले की आधी गटारीचे पोट भरते, मग आमच्या टाक्या. अर्ज दिला, पोच घेतली. टेबलामागचे साहेब म्हणाले, "काका, लोकसंख्या किती वाढली ते बघा ना!" मी विचारले, "म्हणजे पाइप बाळंत झाला का?" त्यांनी फाइल मिटली. पाइप गळतोच आहे.

तरी लोकसंख्येबद्दल मला दोन शब्द बोलायचा अधिकार आहे असे वाटते. मी शिक्षक होतो, म्हणजे जनगणनेचा हक्काचा बिगारी. २००१ च्या फेब्रुवारीत शाळा सुटली की तक्त्यांची पिशवी काखोटीला मारून दारोदार फिरायचो. एका घरी ओट्यावर बाई लसूण सोलत बसली होती. पोरं किती, विचारले. "दोन शेतस (आहेत), गुरुजी." तेवढ्यात आतून तिघी मुली आल्या, धाकटी थोरलीच्या कडेवर. मी म्हटले, आणि या? बाई लसणावरची नजर न काढता म्हणाली, "त्या तर पोरी शेतस ना." सासू बाजेवरून पुस्ती जोडती झाली, "त्यास्नं काय, त्या जातीन परक्या घर." मी पाचही जणांची नावे लिहून घेतली. धाकटीचे नाव आठवायला दोघींना वेळ लागला.

पुढच्या दहा वर्षांत तर मोजायला विसरण्याचीही गरज उरली नाही. २०११ च्या गणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली निघाल्या. राज्यात आपला जिल्हा तळाशी बसणाऱ्यांत. गर्भलिंग तपासायला बंदी घालणारा सोनोग्राफीचा कायदा १९९४ चा, तरी ही गत. तुमच्या अर्ध्या पानाच्या लेखात यावर एक ओळ नाही. आज गावोगाव पस्तिशीतले मुलगे बायोडाटा घेऊन फिरतात, 'शेती करतो' म्हटले की समोरचे लोक चहासुद्धा मनापासून विचारत नाहीत. आणि २०११ ची ती तुकडी तर अजून बोहल्यापर्यंत पोचायची आहे! तेव्हा 'दोनच अपत्यांची सक्ती करा' म्हणणाऱ्यांनी आधी पहिल्या लग्नाची सोय सांगावी.

लेखात नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासींवर एक परिच्छेद खर्ची घातला आहे. तिकडे मुले जास्त होतात म्हणे. पण नंदुरबारात मुलींचे प्रमाण आमच्या सुशिक्षित जिल्ह्यापेक्षा कितीतरी बरे आहे, हे लेखकाला दिसले नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या त्या कुटुंबाच्या घरात वीज किती जळते आणि पाणी किती लागते, तेही एकदा लिहा. सातपुड्यातला साग त्यांच्या कुडाच्या घरांत सापडायचा नाही. आमच्या जुन्या वाड्यांच्या तुळया बघा, तिथे आहे.

आता आकड्यांचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, १.७ आला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायलाच २.१ लागतो. तरुण पिढी मोठी आहे म्हणून एकूण आकडा अजून काही वर्षे चढेल, हे खरे; पण घरटी पोरे कमी झालीत. जिल्हा परिषदेच्या शाळांचे पट बघा. (अर्धी मुले इंग्रजी माध्यमाने पळवली हेही खरे, पण तो विषय निराळा.) आपण दिलेली जिल्ह्याची ४२ लाखांची संख्या २०११ ची आहे, तेही लेखात कुठे सांगितलेले नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही. वेळेत मोजायचे नाही आणि गर्दी झाली म्हणून ओरडायचे!

गर्दीच बघायची तर त्याच अंकाचे शेवटचे पान बघावे. पानभर रंगीत जाहिरात: 'हायवे टच एन.ए. प्लॉट, सुलभ हप्ते'. काळ्या कसदार जमिनीवर मुरूम टाकून, खांब रोवून ठेवलेले असे प्लॉट आमच्या रस्त्याला मैलभर पसरलेत. राहायला कुणी नाही, वेडी बाभूळ तेवढी माजली आहे. मालक पुण्या-सुरतेत, भाव वाढायची वाट बघताहेत. ही जमीन कोणाच्या पाचव्या पोराने खाल्ली, तेवढे आपल्या लेखकांना विचारून कळवावे.

जाता जाता एक. त्या जाहिरातीपायी केळीचे भाव आतल्या पानात इतक्या बारीक टायपात गेलेत की चष्म्यावर भिंग धरावे लागते. रावेर-यावलच्या माणसाला सकाळी आधी तेच लागतात. ते पूर्वीच्या जागी, पूर्वीच्या टायपात छापावेत ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. जळगाव