टीसीपीचा क्रमांक सहा, पण तो विचारायचा कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या की सोलापुरातल्या झेरॉक्सच्या दुकानांत जर्नलचे तयार प्रोग्राम हातोहात फिरू लागतात. नेटवर्क प्रोग्रामिंगच्या गठ्ठ्यात एक ठरलेला असतो: प्रोटोकॉलचे (संगणकांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीचे, उदा. टीसीपी) नाव द्या, क्रमांक मिळवा. सी भाषेतला हा दहा-बारा ओळींचा प्रोग्राम प्रयोगशाळेत चालतो, सही मिळते आणि विषय संपतो. तोच कोड पुढे नोकरीत जसाच्या तसा वापरला जातो आणि भलत्याच ठिकाणी कोसळतो. म्हणून हे पत्र.

मार्केट यार्डात कांद्याच्या गोणीवरचा मार्का पाहून हमाल ती कोणत्या गाळ्यावर टाकायची ते ठरवतो, गोणी उघडून बघत नाही. नेटवर्कवरून जाणाऱ्या आयपी पॅकेटच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, असाच ८ बिटांचा रकाना असतो. त्यात ६ असेल तर आतला माल टीसीपीचा, १७ असेल तर यूडीपीचा, १ असेल तर आयसीएमपीचा, म्हणजे ‘पिंग’ ज्यावर चालते त्याचा. जागाच ८ बिटांची, त्यामुळे क्रमांक ० ते २५५ यांच्या बाहेर जात नाही. पोर्ट, म्हणजे माल मशीनवरच्या कोणत्या प्रोग्रामला द्यायचा तो क्रमांक, ही वेगळी गोष्ट. एचटीटीपीचे ८० हे पोर्ट आहे, प्रोटोकॉल क्रमांक नव्हे. तोंडी परीक्षेत मुले हमखास इथे अडकतात.

लिनक्सवर हा तक्ता ईटीसी डिरेक्टरीतल्या ‘प्रोटोकॉल्स’ नावाच्या साध्या मजकूर फाइलमध्ये असतो. प्रत्येक ओळीत आधी नाव, मग क्रमांक, मग टोपणनावे. विंडोजवरच्या फाइलचे नाव मात्र एकवचनी, ‘प्रोटोकॉल’. सी प्रोग्राममध्ये नेटडीबी.एच ही हेडर फाइल घेतली की गेटप्रोटोबायनेम हे फंक्शन नावावरून आणि गेटप्रोटोबायनंबर हे क्रमांकावरून नोंद शोधते. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सपासून ही मंडळी आहेत. दोन्ही फंक्शने प्रोटोएंट या स्ट्रक्चरचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देतात. त्यात मुख्य नाव, टोपणनावांची यादी (तिचा शेवट नलने, म्हणजे रिकाम्या पॉइंटरने होतो) आणि क्रमांक असतो. टर्बो सीमध्ये यातले काहीच नाही. हे प्रात्यक्षिक लिनक्सवर जीसीसी या कंपायलरनेच करावे.

आता झेरॉक्सच्या कागदावर काय नसते ते. नोंद सापडली नाही तर ही फंक्शने नल देतात. तो न तपासता थेट क्रमांक छापायला गेले की प्रोग्राम कोसळतो आणि पडद्यावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येतो. करून बघायला अवघड नाही: प्रोग्रामला टीसीपी हे नाव इंग्रजीत, फक्त पहिले अक्षर मोठे (कॅपिटल) ठेवून द्या. फाइलमध्ये सगळी अक्षरे लहान असलेले नाव आणि सगळी मोठी असलेले टोपणनाव असते. जीलिबसी ही लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी अक्षरन् अक्षर जुळवून पाहते, त्यामुळे हे अर्धेमुर्धे रूप सापडत नाही.

दुसरी चूक जास्त फसवी, कारण प्रोग्राम कोसळत नाही, बिनदिक्कत खोटे सांगतो. आधी टीसीपी शोधून पॉइंटर एका व्हेरिएबलमध्ये ठेवला, मग यूडीपी शोधून दुसऱ्यात ठेवला, शेवटी दोन्ही छापले, तर दोन्हीकडे यूडीपी आणि १७ येऊ शकते. फंक्शनकडे निकालासाठी एकच स्थिर जागा असते आणि पुढचा शोध आधीचा पुसतो. क्रमांक लगेच आपल्या इंट व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्यावा, पॉइंटर जपून ठेवू नये. अनेक थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे भाग, असतील तर तेही पुरत नाही. तिथे जीलिबसीची, नावाच्या शेवटी ‘अंडरस्कोअर आर’ असलेली फंक्शने वापरावीत. त्यांना बफर, म्हणजे निकाल ठेवायची जागा, आपण द्यायचा. १०२४ बाइट बहुतेक वेळा पुरतात. कमी पडले तर ईरेंज ही चूक परत येते, मग बफर वाढवून पुन्हा विचारायचे. लक्षात ठेवायचे ते असे, की नोंद सापडली नाही तरी ही फंक्शने ० परत देतात. सापडली की नाही हे निकालाचा पॉइंटर नल आहे का ते पाहूनच कळते.

तिसरी चूक बाइटच्या क्रमाची. सेवेच्या नावावरून पोर्ट शोधणाऱ्या गेटसर्व्हबायनेमने मिळणारा पोर्ट क्रमांक नेटवर्कच्या क्रमात (मोठा बाइट आधी) असतो, त्याला मशीनच्या क्रमात आणायला एनटीओएचएस हे फंक्शन लावावे लागते. त्या सवयीने प्रोटोकॉल क्रमांकालाही ते लावले तर इंटेलच्या मशीनवर ६ चे १५३६ होतात. प्रोटोकॉल क्रमांक मशीनच्याच क्रमात येतो, त्याला हात लावायचा नाही.

हल्ली प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या फाइलींसह बांधलेल्या बंद डब्यात, टाकले जातात. डेबियन या लिनक्सच्या ‘स्लिम’ इमेजमध्ये, म्हणजे अशा डब्याच्या छोट्या साच्यात, ती प्रोटोकॉल्स फाइलच नसते, कारण ती नेटबेस पॅकेजमधून येते. घरच्या लॅपटॉपवर नीट चाललेला प्रोग्राम तिथे टीसीपीसाठीसुद्धा नल मिळवतो. आधी ‘गेटएंट प्रोटोकॉल्स टीसीपी’ ही आज्ञा देऊन पाहावी. काहीच छापले गेले नाही तर नेटबेस घालावे. अल्पाइन या दुसऱ्या लिनक्सची गोष्ट निराळी. तिथली मसल ही सी लायब्ररी फाइल वाचतच नाही, तिचा छोटा तक्ता तिच्या पोटातच असतो. फाइलमध्ये आपण नवी ओळ घातली तरी तिथे उपयोग नाही.

शिक्षकांना कळकळीने सांगायचे ते हेच: टीसीपीच हवा हे प्रोग्राम लिहितानाच ठाऊक असेल तर शोध कशाला? आयपीप्रोटो-टीसीपी हा स्थिरांक सीच्या हेडर फाइलमध्ये तयार आहे. तो ना फाइलवर अवलंबून, ना नल होणारा. साधे स्ट्रीम सॉकेट (नेटवर्क जोडणीचे टोक) उघडताना तर सॉकेट फंक्शनला तिसऱ्या जागी, प्रोटोकॉलच्या ठिकाणी, ० दिले तरी चालते. नाव वापरणाऱ्याने टाइप केले असेल किंवा पकडलेल्या पॅकेटमधला ८९ पाहून ‘ओएसपीएफ’ (राउटरांचा एक प्रोटोकॉल) असे दाखवायचे असेल, तेव्हाच हा शोध कामाचा.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षकांना विनंती, की चालणारा प्रोग्राम पाहून लगेच सही करू नये. अस्तित्वात नसलेले एखादे नाव द्यायला लावावे, एकाच वेळी दोन प्रोटोकॉल छापायला सांगावे आणि ती फाइल नसेल तर काय होईल, हे विचारावे.

आपला,
एक सी प्रोग्रामर, जुळे सोलापूर