आटे बसले म्हणजे लेन्स जुळली असे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या रेंजफाइंडर (वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस करायच्या) कॅमेऱ्यांच्या लेन्स आजच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याला लावण्याची हौस चांगली आहे. पण आटे बसले की काम झाले, या समजुतीपायी पैसे वाया जातात आणि क्वचित कॅमेराही दुखावतो, म्हणून हे पत्र.

सगळा हिशेब माउंटपासून (लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून) सेन्सरपर्यंतच्या अंतराचा आहे. लायकाच्या जुन्या 39 मिमी स्क्रू माउंटला हे अंतर 28.8 मिमी लागते, 1954 साली आलेल्या एम माउंटला 27.8. सोनी ई माउंटला ते 18 आहे, निकॉन झेडला 16. मधली जागा अडॅप्टरने, म्हणजे जोडकड्याने, भरायची. म्हणजे एम लेन्ससाठी सोनीवर 9.8 मिमी आणि झेडवर 11.8 मिमी जाडीचा अडॅप्टर हवा. स्क्रूची लेन्स असेल तर तिला आधी 1 मिमीची, स्क्रूवरून एम माउंट करणारी रिंग. आरशाच्या डीएसएलआरवर मात्र हा खटाटोप करू नये. निकॉन एफचे अंतरच 46.5 मिमी असल्याने लेन्स जवळच्या वस्तूंपलीकडे काही टिपत नाही.

अडॅप्टर अवघा 0.1 मिमी जाड निघाला तर 50 मिमीची लेन्स 25 मीटरपलीकडे नेमकी फोकस होत नाही. 28 मिमीची तर 8 मीटरच्या आतच अडते. दोन रिंगा एकावर एक चढवल्या की दोन्हींच्या चुकांची बेरीज होते. म्हणून बरेच अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ ठेवलेले असतात. मग अनंताचा, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूंचा, फोकस लेन्सची रिंग टोकाला जाण्याआधीच येतो आणि लेन्सवरचे अंतराचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत. एवढे चालवून घ्यावे, जाड अडॅप्टर मात्र परत करावा. दुकानातून बाहेर येऊन अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) पूर्ण उघडे ठेवा, लांबच्या टेकडीवरचा मोबाइल टॉवर स्क्रीनवर मोठा करून पाहा. त्याच्या सळ्या सुट्या दिसल्या पाहिजेत.

दुसरा फसवा प्रकार झेनिट या सोव्हिएत आरशाच्या कॅमेऱ्याच्या लेन्सचा. सुरुवातीच्या हेलिओस-44 लेन्सनाही 39 मिमीचेच आटे आहेत आणि त्या लायका स्क्रूच्या अडॅप्टरमध्ये फिरतातही. पण त्यांना 45.2 मिमी अंतर लागते, त्यामुळे काहीच स्पष्ट दिसत नाही. लेन्स खराब समजून लोक ती मातीमोल विकतात, हे वाईट वाटते. मध्ये 16.4 मिमीची रिंग घातली की तीच लेन्स उत्तम चालते.

ज्युपिटर-12 या 35 मिमी लेन्सची मागची काच खूप आत शिरते. काही कॅमेऱ्यांत ती आतल्या चौकटीला टेकते. आधी मोजावे, जोर कधीही लावू नये. एल्मार किंवा इंडस्टार-22 यांसारख्या लेन्सची आत सरकणारी नळी कॅमेऱ्यावर असताना मिटू नये.

21 किंवा 28 मिमीच्या जुन्या लेन्समध्ये फोटोच्या कडा फिसकटतात. तिरपा येणारा प्रकाश सेन्सरवरच्या जाड काचेतून जाताना वळतो, हे त्याचे कारण. अ‍ॅपर्चर एफ 8 पर्यंत लहान केले की सुधारणा होते, पूर्ण नाही. कडांची गुलाबी झाक संगणकावर काढता येते, फिसकटलेला तपशील परत येत नाही. म्हणून सुरुवात 50 मिमीनेच करावी. ज्युपिटर-8 त्यासाठी चांगली.

कॅमेऱ्याच्या मेन्यूत ‘लेन्सविना शटर’ चालू करावे. स्टॅबिलायझेशनसाठी (हात हलल्याचा परिणाम कमी करण्यासाठी) लेन्सचे खरे फोकल लेंथ, म्हणजे तिच्यावरचा मिमीचा आकडा, भरावे. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावरही 50 ला 50च, दीडपट करून 75 नव्हे. फोकस ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढायचा त्यावरच करावा, कारण ज्युपिटर-3 सारख्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर मिटवताना फोकस सरकतो.

विक्रेत्यांना एक विनंती आहे. ‘एम टू ई’ (एम लेन्स ई माउंटवर) एवढेच न सांगता प्रत्येक अडॅप्टरची जाडी व्हर्नियरने मोजून मिलिमीटरमध्ये लिहून द्यावी.

आपला,
एक वाचक, पुणे