परदेशात जेवावं ते दुपारी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कमी खर्चातल्या परदेशवारीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. तिकीट आणि मुक्कामाचा हिशेब त्यात नेटका मांडला आहे. जेवणाला मात्र दोनच ओळी, आणि त्याही 'बाहेर जेवणं टाळा, खोलीवर ब्रेड-बिस्किटांवर भागवा' अशा. वाचून वाईट वाटलं. एवढ्या लांब जाऊन तिथलं गरम जेवण चाखलंच नाही, तर तो देश अर्धाच पाहिला असं मी म्हणेन.

पहिल्या प्रवासात मीही हीच काटकसर केली होती. माद्रिदमध्ये चार दिवस सुपरमार्केटातल्या गार सँडविचवर काढले. शेवटच्या रात्री अगदीच राहवेना, म्हणून गजबजलेल्या चौकातल्या एका रेस्तराँत बसलो आणि चार दिवसांत वाचवलेलं सगळं एका बिलात गेलं. त्याच शहरात दुपारी 'मेनू देल दिया' मिळतो, हे मला परतल्यावर समजलं. आधी सूप किंवा सॅलड, मग मुख्य पदार्थ, शेवटी गोड किंवा कॉफी. सोबत ब्रेड आणि बहुतेक ठिकाणी एक पेयही. हे सगळं ठरलेल्या किमतीत, साधारण १२ ते १५ युरोंत. स्पेनमध्ये १९६०च्या दशकात सरकारी नियमातून ही पद्धत रुजली. आज तिथले नोकरदार कामाच्या दिवशी तेच जेवतात. दाराबाहेरच्या फळ्यावर त्या दिवसाचे पदार्थ लिहिलेले असतात. रात्री तेच पदार्थ सुटे मागवले, तर बिल बरंच चढतं.

फ्रान्समध्ये दुपारी असाच ठरलेल्या किमतीतल्या जेवणाचा 'फॉर्म्युल' मिळतो. जपानमध्ये भात, मिसो सूप आणि एक मुख्य पदार्थ असं 'तेइशोकु' दुपारी अनेक ठिकाणी स्वस्त असतं. म्हणून मी आता पोटभर जेवतो ते दुपारीच. संध्याकाळी हलकं काहीतरी. जपानी डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या खाद्यविभागात दुकान बंद व्हायच्या सुमारास तयार डब्यांवर सवलतीची चिठ्ठी लागते. रात्रीची सोय तिथे उत्तम होते.

दुसरी गोष्ट, न मागितलेल्या खर्चाची. इटलीत 'कोपेर्तो' म्हणजे टेबलावर बसण्याचे माणशी पैसे, बहुधा एक ते तीन युरो. तिथे कॉफी काउंटरपाशी उभ्याने घेतली तर स्वस्त, बसून घेतली तर महाग. पोर्तुगालमध्ये बसताक्षणी ब्रेड, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट आहे असं समजून नवखा माणूस खातो आणि बिलात ते लागतं. हात न लावता 'नको' म्हटलं, तर पैसे द्यावे लागत नाहीत. अमेरिकेत मेनूवरच्या किमतीत सहसा कर धरलेला नसतो, आणि वर १५ ते २० टक्के टिप द्यायची रीत आहे. फ्रान्समध्ये मात्र सेवाशुल्क किमतीतच असतं आणि जेवणासोबत नळाच्या पाण्याची सुरई फुकट मिळते. 'कराफ द'ओ' एवढं म्हणावं लागतं. नाहीतर बाटली येते, आणि तिचे पैसे पडतात.

जागा निवडताना तिथली कामकरी माणसं कुठे शिरतात ते पाहावं. पोलंडमधलं 'बार म्लेच्नी' (शब्दशः 'दुधाचा बार') हे असंच साधं उपाहारगृह. पहिलं वॉर्सात १८९६ साली निघालं. सूप आणि पियेरोगी (सारण भरून उकडलेले, करंजीसारखे पदार्थ) खाऊन लोक कामाला निघतात. सिंगापूरच्या हॉकर सेंटरांमधल्या, म्हणजे एकाच जागी अनेक स्वस्त खाद्यगाळे असलेल्या ठिकाणांमधल्या, खाद्यसंस्कृतीला तर २०२०मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारसा यादीत स्थान मिळालं. अशा ठिकाणी जेवणं म्हणजे मन मारणं नव्हे, हे माझं ठाम मत आहे.

आपल्याला एकच विनंती. पुरवणीत एखाद्या शहरावर लेख छापाल, तेव्हा चार ओळी जेवणासाठी राखून ठेवा: दुपारचं ठरावीक जेवण तिथे काय नावाने मागायचं, ते किती वाजेपर्यंत मिळतं आणि बिलात कोणती जादा रक्कम येते. प्रेक्षणीय स्थळांच्या चौकटीशेजारी एवढी जागा नक्की निघेल.

आपला,
एक नियमित वाचक