तुझं स्क्रिप्ट वाचलं, सई

वाई,
रविवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

समाजसुधारकांवरच्या तुमच्या टीव्ही मालिकेचं तुझं स्क्रिप्ट मिळालं. ओंकारने छापून आणून दिलं, मोबाइलवर मला चार पानांच्या पुढे वाचवत नाही. दोन भाग आणि पुढच्या भागांची यादी वाचून झाली. "आई, चुका काढ, तुझ्या आवडीचं काम आहे," असं तू लिहिलंयस, म्हणून हे पत्र त्याबद्दलच. परवा फोनवर जे झालं त्यावर एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. तू मध्येच फोन ठेवलास त्याचंही काही वाटलं नाही. रात्री पावणेदोनला "पोचले" असा मेसेज आल्यावर कोणती आई कूस बदलून झोपी जाते, एवढंच मला विचारायचं होतं. असो.

पहिला भाग, शेणगोळ्यांचा सीन. सावित्रीबाई शाळेकडे निघाल्या आहेत, दोन्ही बाजूंनी लोक ओरडताहेत, शेण अंगावर येतं आणि मग तुम्ही त्यांच्या तोंडी जवळजवळ दीड पान भाषण दिलंय. एवढं नको गं. बळवंत सखाराम कोल्ह्यांच्या आठवणींतून हा प्रसंग आपल्याकडे आला आहे, आणि त्यात त्या अगदी थोडं बोलतात, तेही मऊ आवाजात. मी माझ्या बहिणींना शिकवते आहे, तुमचं शेण मला फुलांसारखं वाटतं, देव तुमचं भलं करो, अशा अर्थाचं. तेवढंच बोलू द्या. शाळेत गेल्यावर बदलायला दुसरं लुगडं बरोबर न्यायच्या, ते मात्र दाखवा. त्या लुगड्यात जे आहे ते दीड पानात नाही. एका दांडगटाने वाट अडवली तेव्हा त्याच्या मुस्कटात दिली, असंही सांगतात. ते तुम्ही का गाळलंत? नायिका फार सोशिक करून ठेवू नका.

आणि कोल्हे कोण होते तेही गाळलंत. वाटेवर सावित्रीबाईंच्या सोबतीला दिलेला माणूस होता तो. ज्या जोतिरावांनी बायकोला शिकवलं, तिला घेऊन बापाचं घर सोडलं, पुण्याशी उभा दावा मांडला, त्यांनाही वाटलंच ना की शाळेच्या वाटेवर हिच्याबरोबर कोणीतरी असावं? मग मी विचारलं की तुला तुझी गाडी दारापर्यंत सोडते की हमरस्त्यावर, तर मी लगेच मागासलेली होत नाही. त्या कोपऱ्यापासून इमारतीपर्यंतच्या गल्लीत दिवा आहे का, हे तू अजून सांगितलेलं नाहीस.

हे स्क्रिप्टबद्दलच चाललंय.

तुला नायगाव आठवतं का? ३ जानेवारीला शाळेच्या मुली घेऊन आम्ही जायचो, खंडाळ्याच्या बाजूने, एसटीने. एका वर्षी मी तुला बरोबर घेतलं होतं. माझं नऊवारी गुंडाळलेलं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात पाटी. भाषण तुझं घडाघडा पाठ होतं, बाबांनीच करून घेतलं होतं. माइकसमोर उभी राहिलीस, "मी सावित्री बोलतेय" म्हणालीस, आणि पुढचं सगळं विसरून विचारलंस, "आता बसू का?" सगळी सभा हसली. माई आत्या अजून कोणी पाहुणे आले की ते सांगते. परवा सांगताना मात्र शेवटी म्हणाली, "आता तीच लिहिते बरं का टीव्हीवरची सावित्री." तिने ते तीन घरांत सांगितलंय. मी कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे वाण्याला सांगितलं, पण तो विषय निघाला म्हणून.

टीव्हीचं काम हलकं असं मी कधी म्हटलेलं नाही, ते बाबांचं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा आमच्या गावात कोणाच्या घरी टीव्ही नव्हता. पुढे माझ्या मामांकडे सुट्टीत गेलं की 'ज्ञानदीप' बघायचो, आकाशानंदांचा. गावोगावची साधी माणसं त्यात आपापल्या कामाबद्दल बोलायची, आणि तो पाहून लोकांनी आपल्या गावांत ज्ञानदीप मंडळं काढली. टीव्ही बघून माणूस घराबाहेर पडतो हे मी तेव्हा पाहिलंय. आणि १९८८ मध्ये 'भारत एक खोज' लागायचं, त्यात जोतिराव केले होते सदाशिव अमरापूरकरांनी. त्याआधी आम्ही त्यांना 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी म्हणून पाहिलेलं, त्यामुळे बाबा आधी म्हणाले, हा गुंड कशाला घेतलाय! भाग संपल्यावर उठून चहा न घेता बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी पुस्तक मिटून फुलेच शिकवले. तेव्हा त्यांच्यावर तरी असर झाला होता, हे त्यांना आठवत नसेल तर मी आठवून देईन.

दुसरी सूचना. नायगावचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. सावित्रीबाईंची जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ ची. तुमच्या मालिकेत त्यांचा उल्लेखही नाही. १८६८ चं बघ. गणेश नावाचा ब्राह्मण मुलगा आणि शारजा नावाची महार मुलगी. त्यांचं प्रेम कळलं आणि गावाने दोघांना मारत मारत काढलं, जिवेच मारणार होते. सावित्रीबाईंना कळल्यावर त्या धावल्या, इंग्रज सरकारात खुनाला काय शिक्षा होते ते सांगून जमावाला थांबवलं, आणि त्या दोघांना जोतिरावांकडे पाठवलं. नवऱ्याला हे लिहितानाही पत्रात कुठे टाळ्या नाहीत, बातमी कळवावी तसं कळवलंय. हा तुमचा पहिला भाग. शेणगोळे दुसऱ्या भागात ढकला, ते सगळ्यांना ठाऊक आहेत.

१८५६ चं पत्र मात्र मला नीट वाचवत नाही. आजारी म्हणून माहेरी गेल्या होत्या, तिथे भाऊ टोचून बोलला की तुम्ही नवरा-बायको महार-मांगांसाठी हे करता, कुळाला बट्टा लावता. त्यांनी त्याला सडेतोड उत्तर दिलं. आई तिथेच होती. पूर्वी शिकवताना मी नेहमी भावाला काय उत्तर दिलं ते फळ्यावर लिहायचे. आता वाचते तेव्हा आईपाशीच अडकते. मुलगी आजारी होऊन घरी आली आहे, औषधपाणी मुलगाच करतो आहे आणि तोच तिला बोलतो आहे. तिने कोणाकडे बघावं? आपल्या घरी नंदूच्या वेळी झालं तेव्हा मी कोणाकडे बघितलं ते तुला माहीत आहे.

सासूबाईंना 'उंच माझा झोका' फार आवडायचं, २०१२ ची गोष्ट. रमाबाई रानड्यांना घरातल्याच बायका अभ्यासावरून टोमणे मारायच्या, ते लागलं की पदर डोळ्यांना. आणि जाहिरात आली की मला म्हणायच्या, "तू बीएड करत होतीस तेव्हा मी असं केलं नाही हो." केलं होतं. पण टीव्हीसमोर बसून त्यांना ते उमगत होतं, हे काही कमी नव्हे. पण त्याच टीव्हीवर सावित्रीबाई-जोतिरावांची मालिका २०२० मध्ये वर्षभरातच बंद पडली, बघणारे कमी म्हणून. शंभर सासवासुनांच्या मालिका वर्षानुवर्षं चालतात आणि ही बंद. तुमची बंद पडली तर तू काय करणार, हे मी विचारणार नाही. तुझी कॉलेजातली जागा आता भरली गेली असणार, तेही नाही विचारणार.

त्या संध्याकाळी तू बाबांना आगरकरांचं पत्र ऐकवलंस. आईला लिहिलेलं. आपला मुलगा शिकला, आता त्याला मोठ्या पगाराची नोकरी लागेल असे मनोरथ करू नकोस, मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकी वेळ लोकांच्या भल्यासाठी घालवणार. तू इतकं छान म्हणून दाखवलंस की बाबांना राग आवरेना. मला त्यावर तेव्हाच बोलायचं होतं. आम्ही मास्तरांनी ते पत्र पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतलं, परीक्षेत प्रश्न विचारले, "आगरकरांचा ध्येयवाद स्पष्ट करा." टेंभूला, आगरकरांच्या गावी बसून त्या माउलीने काय उत्तर दिलं, हे एकाही मुलाने विचारलं नाही, आम्हीही नाही. आगरकरांना लोकांनी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघायला लावली. दम्याने झिजले, १८९५ मध्ये गेले तेव्हा अडतीस वर्षांचे होते. उशाशी अंत्यविधीपुरते पैसे बांधून ठेवले होते म्हणतात. तुला तेहतिसावं लागलं.

झालं, मी लांबले. मोठ्या माणसांची नावं घेऊन मुलीला घाबरवायचं हे काही बरं नाही, कळतंय मला. माफ कर. पण तूच त्यांची नावं घेऊन भांडलीस.

र. धों. कर्व्यांवर तीन भाग आहेत ते चांगलं केलंत. १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, एकात तर बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, हे सगळं तुमच्या टिपणात आहे. धोंडो केशव नाहीत. त्यांना एक तरी सीन द्या. १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडने ज्याला वाळीत टाकलं, त्याच बापाचा मुलगा पुढे त्याच्याही पुढे जाऊन कोर्टात उभा राहतो. बाप शंभरी ओलांडून १९६२ पर्यंत जगला, मुलगा १९५३ मध्येच गेला होता. मधे भारतरत्न मिळालं. त्या घरात जेवताना काय बोलणं होत असेल, ते लिही. तुला जमेल. तुला घरातलं भांडण लिहिता येतं, हे मी दुसऱ्या भागात बघितलं. तो स्वयंपाकघरातला सीन आपलाच आहे, आणि त्यातली आई जरा जास्तच रडते.

ताराबाई शिंद्यांना अर्धा भाग फार कमी. १८८२ मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' लिहिलं, एवढं धारदार की आजही वर्गात मोठ्याने वाचताना मास्तरीण चाचरते. जोतिरावांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. लोकांनी गप्प केलं, घराने केलं, की त्यांनाच पुरे झालं, यातलं काहीही ठरवून टाकू नका. आणि मालिका सुरू झाल्यावर तुला कोणी फेसबुकवर काहीबाही लिहिलं तर ते वाचत बसू नकोस. मला वाचायला दे, मी बघते त्यांच्याकडे. निवृत्त शिक्षिकेला वेळ भरपूर असतो.

भाऊराव पाटलांच्या भागात लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांसाठी मंगळसूत्र मोडलं ते एका वाक्यात उरकलंय. वाक्य चांगलं आहे म्हणून सोडून देऊ नका.

यादी बघून मला वाटलं, यातल्या प्रत्येकाची घरी कोणीतरी वाट बघत होतं. म्हणून सांगते, गाडीचा नंबर पाठवत जा. चालकाचं नाव नको, नंबर पुरे. शेवटच्या कोपऱ्यावर उतरल्यावर मला फोन लाव, बोलू नकोस हवं तर, चालू ठेव. जिना चढलीस की ठेव. मी जागीच असते, गुडघ्यांमुळे. हे सावित्रीबाईंना जमलं नसतं, तुला फोन आहे तर कर. आणि ते जमत नसेल तर त्या दिग्दर्शकाला सांग की लिहिणाऱ्या मुलींना साडेनऊच्या आत सोडा. तू सांगणार नसशील तर नको, मी त्यांना लिहिणार नाही. नंबर माझ्याकडे आहे, पण लिहिणार नाही.

लोणचं ओंकारच्या भावाबरोबर पाठवते आहे, तो बुधवारी दादरला येतोय. बरणी परत दे.

तुझी,
आई

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी बाबांनी मागून घेतलं. मला वाटलं चश्मा शोधताहेत. तुझ्या यादीवर पेन्सिलने लिहून दिलंय ते तसंच उतरवते: "शाहू महाराजांचा पन्नास टक्के जागांचा हुकूम २६ जुलै १९०२ चा. तुम्ही १९२० टाकला आहे. १९२० ची माणगावची परिषद, तिथे त्यांनी आंबेडकरांना पुढारी म्हणून पुढे केलं. दोन्हींची गल्लत झाली आहे. छापायच्या आधी दुरुस्त करणे. पुढचे भाग टपालाने पाठवणे, मोठ्या अक्षरात."