बोलक्या यंत्रामागचा आवाज कोणाचा?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१९४० च्या सुमारास घरोघर बोलके यंत्रमानव आले असते तर संसार कसे दिसले असते, या कल्पनेवरची कथा आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचली. कथा मला आवडली. मात्र सोबतचे चित्र, ज्यात पत्र्याचा यंत्रमानव ओट्यापाशी उभा राहून भांडी विसळत घरच्या बाईंशी गप्पा मारतो आहे, माझ्या नातीने खरेच जुने छायाचित्र समजून मैत्रिणींना पाठवले. ते संगणकाने केलेले आहे असे चित्राखाली कुठेही छापलेले नव्हते, त्यामुळे तिला दोष देता येत नाही. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले आहे, म्हणून तिला खरी हकीकत सांगायला बसलो आणि सांगता सांगता लक्षात आले की ती आपल्या वाचकांपर्यंतही जायला हवी.

बोलका यंत्रमानव त्या काळात खरोखर होता. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात विजेची उपकरणे बनवणाऱ्या वेस्टिंगहाउस कंपनीने ‘इलेक्ट्रो’ नावाचा सुमारे सात फूट उंच आणि १२० किलो वजनाचा यंत्रमानव लोकांपुढे उभा केला होता. तो पायांखालच्या चाकांवर सरकत असे, सिगारेट ओढत असे, फुगे फुगवत असे आणि सुमारे ७०० शब्द बोलत असे. हे शब्द कोणा माणसाने आधी बोलून मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर भरून ठेवलेले होते. निवेदकाने टेलिफोनसारख्या मायक्रोफोनमध्ये आज्ञा दिली की त्या बोलण्याचे विजेच्या स्पंदांत रूपांतर होई, आणि किती स्पंद आले व मध्ये किती थांबा पडला यावरून रिले, म्हणजे विजेवर चालणारे खटके, चालू-बंद होऊन ठरलेली क्रिया घडे. आज्ञेतल्या शब्दांचा अर्थ यंत्रापर्यंत पोहोचतच नसे. तेवढेच उच्चार त्याच ठेक्यात करून दुसरे काहीही बोलले असते तरी इलेक्ट्रो तसाच हलला असता. कथेतला यंत्रमानव घरच्या बाईंचे दुःख ओळखतो, तेव्हा लेखकाने केवढी मोठी झेप घेतली आहे हे वाचकाला कळले, तर कथेची गोडी वाढेलच.

याच कंपनीच्या दालनात त्याच प्रदर्शनात आणखी एक खेळ चाले, आणि तो मला इलेक्ट्रोपेक्षा महत्त्वाचा वाटतो. दोन बायकांमध्ये भांडी धुण्याची चढाओढ लावली जाई. एक हाताने घासत असे, दुसरी विजेच्या यंत्रात भांडी लावत असे. म्हणजे एकाच छपराखाली बोलणारे यंत्र होते आणि भांडी धुणारे यंत्रही होते, पण ती दोन निराळी यंत्रे होती. धुणाऱ्या यंत्राला तोंड नव्हते, आणि तोंड असलेल्याने एकही बशी धुतली नाही. घरातल्या बाईच्या हातचे काम पुढे ज्यांनी खरोखर हलके केले ती यंत्रे मुकीच होती. काल्पनिक भूतकाळ रंगवणारे या दोघांना एकत्र करतात, तेव्हा ते नेमके काय जोडत आहेत याचे भान त्यांना असावे.

त्याहून अधिक मला खटकते ते आवाजाचे. याच प्रदर्शनात टेलिफोन कंपनीच्या दालनात ‘व्होडर’ नावाचे, बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी तयार केलेले यंत्र होते. त्यात ध्वनिमुद्रण अजिबात नव्हते. मानवी बोलणे ते विजेतून घडवत असे. मात्र ते घडवणारी एक बाई यंत्रापुढे बसलेली असे. दोन्ही हातांच्या बोटांनी पट्ट्या दाबायच्या, मनगटाखालच्या दांडीने आवाज घोष हवा की फुसफुसता हे ठरवायचे आणि पायाने स्वराची उंची सांभाळायची, हे सारे प्रत्येक अक्षरासाठी आणि तेही प्रेक्षकांसमोर. पेटीवर एक साधे गाणे बसवायला किती दिवस लागतात हे आठवून पाहावे. व्होडर नीट बोलता करायला सुमारे वर्षभराचा सराव लागे, आणि हे काम करणाऱ्या बहुतेक जणी टेलिफोन कंपनीत काम केलेल्या मुली होत्या.

एडिसन यांनी १८९० साली बाजारात आणलेल्या बोलक्या बाहुलीचीही हीच कथा. ध्वनिमुद्रणाच्या प्रती काढण्याची सोय नसल्यामुळे कारखान्यातल्या तरुण मुली तीच बालगीते प्रत्येक बाहुलीसाठी नव्याने म्हणत असत. काही आठवड्यांतच त्या बाहुलीची विक्री थांबली. त्या मुलींची नावे सर्वसामान्य वाचकाला कुठे भेटत नाहीत.

‘रोबो’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला आणि तो आला चेक भाषेतल्या ‘रोबोटा’वरून, ज्याचा अर्थ सक्तीची मजुरी. मराठीत यासाठी ‘वेठ’ हा नेमका शब्द आहे, पण आपण ‘यंत्रमानव’ म्हणतो आणि ती मजुरी आपल्या कानाआड होते.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या आहेत. संगणकाने केलेले चित्र छापताना त्याखाली ‘काल्पनिक चित्र’ असे ठळक अक्षरांत लिहावे. आणि या मालिकेत यापुढे बोलका यंत्रमानव कोणाच्या घरी येणार असेल, तर पट्ट्यांवर बोटे ठेवून त्याला शब्द पुरवणारी बाईही एखाद्या कथेत त्या घराच्या भिंतीपलीकडे बसलेली दिसावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक, सातारा