परीक्षणात गोष्ट नको, गोष्ट सांगणारा कोण ते लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीतलं पुस्तकांचं पान मी न चुकता वाचते, म्हणजे खरं सांगायचं तर वरचा परिच्छेद वाचते, खालचा वाचते आणि मधल्यावरून नुसती नजर फिरवते, कारण मधे हमखास अख्खी गोष्ट सांगून टाकलेली असते. मागे एकदा एका रहस्यकादंबरीच्या परीक्षणात खून कोणी केला तेसुद्धा छापून आलं होतं आणि खाली परत ‘उत्कंठा शेवटच्या पानापर्यंत टिकते’ असंही लिहिलेलं. कोणाची टिकणार आता? म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कापायचं असेल तर कापा, पण शेवटी एक विनंती आहे तेवढी ठेवा.

मी समीक्षक बिमीक्षक नाही. हाताला लागेल ते वाचते, नाही आवडलं तर अर्ध्यात ठेवून देते, आणि त्याचं मला काही वाटत नाही. गेल्या काही महिन्यांत भय, रहस्य, पौराणिक, सायन्स फिक्शन, ग्रामीण असं सगळं कसलाही क्रम न लावता वाचलं गेलं, काही आधी वाचलेलं परत वाचलं, आणि हळूहळू लक्षात यायला लागलं की मला कुठला प्रकार आवडतो हा प्रश्नच चुकीचा आहे. रहस्य असून कंटाळा येतो आणि ज्यात काही म्हणजे काही घडत नाही ते पुस्तक खाली ठेववत नाही. फरक पडतो तो गोष्ट सांगतंय कोण याने.

उदाहरण घ्यायचं तर विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’. 1868 सालची, इंग्रजीतल्या अगदी सुरुवातीच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांमधली एक. 1799 मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत एक इंग्रज अधिकारी देवाचा हिरा लुटतो, त्याच्या मागावर तीन ब्राह्मण, पुढे हिरा इंग्लंडात एका मुलीला अठराव्या वाढदिवसाला भेट मिळतो आणि त्याच रात्री गायब होतो. हे एवढं सांगितलं तरी चालतं, कारण मजा यात नाहीच. मजा अशी की झालं काय ते ज्याने जेवढं बघितलं तेवढंच त्याने लिहायचं असं ठरतं आणि सुरुवात होते बेटरेज नावाच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यापासून. हा गडी हिऱ्याबद्दल लिहायला बसतो आणि स्वतःबद्दलच बोलत सुटतो, मग त्याच्याच लक्षात येतं की अरे विषय राहिला, परत पहिल्यापासून. त्याची ‘रॉबिन्सन क्रूसो’वर अशी श्रद्धा की आयुष्यात कुठलीही अडचण आली की ते पुस्तक उघडायचं आणि समोर येईल ते वाक्य म्हणजे कौल. इतकं वापरतो की प्रती झिजून जातात. तपासाला आलेला सार्जंट कफ चोरीपेक्षा गुलाबांच्या वाफ्यात जास्त रमतो, आणि बागेतली वाट गवताची असावी की खडीची यावर माळ्याशी हुज्जत घालतो.

पण खरी धमाल पुढे, मिस क्लॅक लिहायला लागल्यावर. या बाई भयंकर धार्मिक, आणि लोकांचा उद्धार करायचा म्हणून धर्माच्या पुस्तिका दुसऱ्याच्या घरात जागोजागी लपवून ठेवतात, सोफ्याच्या उशीखाली, फुलांच्या कुंड्यांत, कुठे म्हणून सोडत नाहीत. आपण किती निःस्वार्थी आहोत हे त्या सांगत असतात आणि आपल्याला त्यांच्या प्रत्येक वाक्यातून त्यांचा मत्सर, भोचकपणा, पैशावरचा डोळा सगळं दिसत असतं. लेखक एका शब्दाने सांगत नाही की ही बाई कशी आहे. तिच्याच तोंडून तिला उघडी पाडलीय. हे वाचताना मला हिऱ्याची आठवण पण राहिली नव्हती. (तीन ब्राह्मण मात्र लेखकाने लांबूनच बघितलेत. एवढ्या सगळ्यांना लिहायला बसवलं, त्यातल्या एकालाही नाही. ती सल राहतेच.)

‘ड्रॅक्युला’पण अशीच, 1897 ची. सिनेमे इतके बघितलेत की यात नवीन काय असणार असं वाटलं होतं, पण पुस्तक म्हणजे सगळी डायऱ्यांची पानं, पत्रं, तारा, पेपरातली कात्रणं. ड्रॅक्युलाचं सुरुवातीचं एखादं पत्र सोडलं तर त्याला स्वतःला बोलायला कुठे जागाच नाही! तो फक्त दुसऱ्यांच्या लिहिण्यात दिसतो, तोही अर्धामुर्धा. त्याच्या किल्ल्यात कामासाठी आलेला हार्कर नावाचा तरुण वकील दाढी करतोय, खांद्यामागून आवाज येतो, आणि आरशात कोणीच नाही. नंतर एका रात्री तो खिडकीतून बघतो तर हा गृहस्थ किल्ल्याच्या भिंतीवरून डोकं खाली करून सरपटत उतरतोय. हार्करला त्याचा अर्थ लागत नाही, म्हणून आपल्याला भीती वाटते. त्यात एक डॉक्टर आहे, तो डायरी लिहीत नाही तर त्या काळचं नवंकोरं मशीन, फोनोग्राफ, त्यावर बोलून ठेवतो, आणि महिनोन्महिने रेकॉर्ड केल्यावर त्याच्या लक्षात येतं की हवा तो भाग शोधायचा कसा हेच आपल्याला माहीत नाही. शेवटी मीना नावाची बाई बसून ते सगळं टाईप करते, तारखा लावते. म्हणजे आपण वाचतो ते खरं तर मीनाने लावलेलं. माझ्या मते ड्रॅक्युलाच्या मागावर निघालेल्या त्या टोळीतली कामाची व्यक्ती तीच, आणि बाकीचे पुरुष तिला धोक्यापासून दूर ठेवायचं म्हणून माहिती लपवतात. तिथे इतकी चिडचिड होते ना.

जाता जाता, अशी पुस्तकं ऑडिओवर ऐकायच्या फंदात पडू नका, जर वाचणारा माणूस एकच असेल तर. म्हातारा कारभारीही त्याच सुरात आणि मिस क्लॅकही त्याच सुरात, कोण बोलतंय ते कळायला मागे जावं लागतं आणि तोवर झोप लागते.

आता जे लिहिणार आहे त्यावर काही लोक माझ्यावर रागावतील. ‘मृत्युंजय’ परत वाचली. कॉलेजात वाचली होती तेव्हा रडले होते. 1967 ची कादंबरी, आणि शिवाजी सावंतांनी किती धाडसी गोष्ट केली होती हे तेव्हा कळलंच नव्हतं, कर्णाची गोष्ट सहा जणांकडून सांगून घ्यायची, स्वतः कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, त्याचा भाऊ शोण आणि कृष्ण. कल्पना जबरदस्त आहे. पण या वेळी वाचताना सारखं वाटत राहिलं की अहो, हे सहाही जण बोलतात एकसारखंच! दुर्योधनाचं भाषण आणि कुंतीचं दुःख, दोन्हीकडे तीच भरजरी भाषा, त्याच उपमा, सूर्य, सागर, वणवा. प्रकरणावरचं नाव झाकलं तर ओळखू येईल का कोण बोलतंय? काही ठिकाणी येतं. शोणचा भाग मला आजही आवडला, मोठ्या भावाकडे मान वर करून बघणारा धाकटा भाऊ, तिथे भाषा जरा जमिनीवर येते. ‘ययाति’त खांडेकरांनी तिघांना बोलायला लावलंय, ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा, भाषा तिथेही अलंकारिकच आहे, पण निदान देवयानीचा अहंकार तिच्या बोलण्यातून कळतो आणि आपण तिच्या बाजूने विचार करायला लागतो, जे ययाति बोलत असताना शक्यच नसतं. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वेगळं पत्र लिहावं लागेल. तिथे तर प्रत्येक जण असा बोलतो की जणू त्याला माहीत आहे आपण पुढे इतिहासाच्या पुस्तकात येणार आहोत.

याच्या बरोबर उलटं ‘बनगरवाडी’. 1955 सालची, लहानशी, एका बैठकीत होते. धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला आलेला पोरगेला मास्तर सांगतोय, आणि तो बाहेरचा आहे हेच महत्त्वाचं. त्याला तिथलं काही माहीत नाही त्यामुळे आपल्यालाही नाही, तो बिचकतो तसे आपण बिचकतो, मग हळूहळू गावाच्या सगळ्या भानगडींत त्याच्याबरोबर ओढले जातो. माडगूळकर कुठेही गावाबद्दल गळा काढत नाहीत. वाक्यं छोटी, मास्तर बघतो आणि सांगतो, त्याला काय वाटलं ते बरेचदा सांगतही नाही. दुष्काळ आल्यावरची शेवटची पानं तर इतक्या कोरड्या सुरात आहेत की पुस्तक मिटल्यावर मला जरा वेळ काही सुचलं नाही. हेच कोणी कळवळून सांगितलं असतं तर मी पानं उलटून पुढे गेले असते.

आणि ‘कोसला’. गोष्ट सांगणाऱ्या पांडुरंग सांगवीकरचं ते सारखं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’, पहिल्यांदा वाचताना वैताग आला होता, हा काय सरळ बोलत नाही. पण 1963 मध्ये कादंबरीत असं बोलणारा पोरगा म्हणजे केवढी मोकळी हवा वाटली असेल. सगळ्याची टर उडवतो, स्वतःची सगळ्यात जास्त, होस्टेल, मित्र, बाप, कोणाला सोडत नाही. मग धाकट्या बहिणीचं, मनीचं प्रकरण येतं आणि तोच टवाळ आवाज फाटतो. काय होतं ते सांगत नाही, ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे. पण आधीची शंभर पानं तो तशा आवाजात बोलला नसता तर ती पानं तशी लागलीच नसती.

सायन्स फिक्शनचं मला वावडं होतं. ‘द मार्शियन’ घेतली ती कोणीतरी हातात दिली म्हणून. अँडी वीअरने ती आधी आपल्या वेबसाइटवर भाग भाग करून टाकली होती, नंतर पुस्तक झालं, सिनेमा 2015 चा. मंगळावर एकटा राहिलेला माणूस रोजचा लॉग लिहितो. आकडेमोड आली की मी सरळ उडी मारली, पण तो माणूस इतका वात्रट आहे की सोडवेना. शिवाय लॉग आहे म्हणजे लिहिलं तोपर्यंत जिवंत होता एवढंच कळतं, उद्याचं काही नाही. पृथ्वीवरची प्रकरणं मात्र साध्या तृतीयपुरुषी निवेदनात आहेत आणि ती तेवढी रंगत नाहीत, मी घाईघाईने उरकून परत मंगळावर जायचे.

त्याच्यावरून ‘फ्रँकेन्स्टाइन’ घेतली, 1818 ची, पहिल्या आवृत्तीवर तर मेरी शेलीचं नावसुद्धा नव्हतं. मला वाटायचं राक्षस म्हणजे नुसता गुरगुरणारा. पुस्तकात त्याला मधोमध कितीतरी प्रकरणं स्वतःची गोष्ट सांगायला दिलीत! एका झोपडीला लागून लपून राहतो, फटीतून आतल्या कुटुंबाकडे बघत बघत बोलायला शिकतो, सापडलेली पुस्तकं वाचतो, आणि आपल्या निर्मात्यापेक्षा सरस बोलतो. सिनेमावाल्यांनी त्याचा आवाजच काढून घेतला की हो.

आणि एक ‘रिबेका’, 1938, डाफ्ने द्यु मोरिए. प्रेमकथा म्हणा, थ्रिलर म्हणा, भुताची म्हणा, काहीही खपेल. सांगणारीचं नाव पूर्ण पुस्तकात कुठेच येत नाही, ती फक्त दुसरी बायको. मेलेल्या पहिलीचं नाव पानापानावर. नव्या घरात हिच्या हातून चिनी मातीची एक किमती बाहुली फुटते तर ही घरची मालकीण असून तुकडे गोळा करते आणि ड्रॉवरमध्ये मागे लपवते, आणि पुढे आळ येतो नोकरावर. त्या एका प्रसंगात ती बाई पूर्ण कळली मला. प्रथमपुरुषी निवेदन कशासाठी असतं तर यासाठी.

नाहीतर हल्लीचे थ्रिलर. एक प्रकरण पोलिसाचं, एक प्रकरण खुन्याचं तिरक्या टाईपात, ‘मी तिच्याकडे बघत होतो’ वगैरे. किंवा मग दर दोन पानांनी ‘मला त्या रात्रीचं काही आठवत नाही’ म्हणणारी निवेदक बाई, जिला शेवटच्या तीस पानांत बरोबर सगळं आठवतं. चार वाचल्या, चारही गुंत्यासकट एकमेकींत मिसळून गेल्यात.

प्रथमपुरुषीच हवं असंही माझं म्हणणं नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये नायिका कौतिक स्वतः गोष्ट सांगत नाही, पण माणसं वऱ्हाडीत बोलायला लागली की लेखक मधे आहे हे विसरायला होतं. तिथे सांगणारा बाजूला झालाय, आणि तेही जमावं लागतं.

तर विनंती अशी. परीक्षण लिहिणाऱ्यांना सांगा की गोष्ट पहिल्या पन्नास पानांच्या पुढची लिहू नका, आणि त्या जागेत गोष्ट कोण सांगतंय, कशा सुरात सांगतंय ते लिहा, जमलं तर एखादा उतारा द्या, मग घ्यायचं की नाही ते आम्ही बघू. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव वर, लेखकाच्या बरोबरीने छापा, कारण आमच्यापर्यंत पोचणारा आवाज त्याचा असतो. आणि रहस्य, भय यांनाही अधूनमधून त्या पानावर जागा द्या, दरवेळी पुरस्कार मिळालेलीच पुस्तकं नकोत.

आणि एक, ‘मूनस्टोन’सारखी चार वेगवेगळ्या माणसांनी चार वेगवेगळ्या भाषेत सांगितलेली रहस्यकादंबरी मूळ मराठीत कोणाच्या वाचनात असेल तर याच सदरात नाव कळवा. शेवट नका सांगू.

आपली नम्र,
एक वाचक