तानपुरा कुणी केला, हे विचारणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

मिरजेच्या आमच्या सतारमेकर गल्लीत तुम्हाला नावानं फारसं कुणी ओळखत नाही. 'आकाशवाणीच्या ताई' म्हटलं की पोराटोरांनाही कळतं. तुम्ही सांगली केंद्राचं काम आता थांबवलंत, असं परवा समजलं. म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्यांसमोर, कारण आभार एकट्या माझ्या घराचे नाहीत.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते १९९८ च्या पावसाळ्यात. मी आठवीत होतो. खांद्याला कॅसेट रेकॉर्डर, हातात माइक. दुकानाच्या पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की बोललेलं ऐकू येईना. तुम्ही दीड तास भोपळ्यांच्या राशीशेजारी स्टुलावर बसून राहिलात. सतारी-तानपुऱ्यांसाठीचे हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, कडू असतात, म्हणून कुणी खात नाही, एवढं तुम्ही त्या दीड तासात माझ्याकडून काढून घेतलंत.

पाऊस थांबला तरी अब्बा बोलेनात. "मी कारागीर माणूस, मला काय बोलता येतंय?" तुम्ही आग्रह केला नाही. "तुमचं काम चालू द्या," म्हणालात. तानपुऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर अब्बा कानस फिरवत राहिले. घोडीचा माथा एवढासा घासायचा, तार छेडायची, पुन्हा घासायचा. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला आणि मुकी तार एकदम गुंजायला लागली. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "आत्ता काय बदललं?" अब्बा माइक विसरले आणि वीस मिनिटं जवारीवर, म्हणजे तारेला ही गुंज आणण्याच्या कामावर, बोलले. घरात आम्हीही ते कधी ऐकलं नव्हतं.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत कॅमेरेच कॅमेरे आले. आनंदच झाला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हा उद्योग उभा केला, ते लांबपर्यंत पोचलं. पण जवारी फोटोत येत नाही, ताई. ती कानांनीच कळते. त्या दिवसाच्या मुद्रणावरून केलेल्या तुमच्या रेडिओ-रूपकात आधीची मुकी तार आणि नंतरची बोलणारी तार लागोपाठ लावली होती, मध्ये एक शब्द नाही. ज्यानं आयुष्यात तानपुरा पाहिला नसेल, त्यालाही फरक कळला असेल.

जाताना तुम्ही आणखी एक विचारलंत. "मैफलीत तानपुऱ्याच्या साथीला कोण, ते सांगतात. तानपुरा कुणी केला, हे कधी सांगितलंय?" अब्बा हसले. "ते कशाला सांगतील?"

त्यानंतर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेचं वार्तांकन तुम्ही केलंत, की शेवटी एक वाक्य यायचं, तानपुरे कुणाच्या हातचे ते. कधी अब्बांचं नाव, कधी शेजारच्या चाचांचं. गल्लीतली म्हातारी माणसं त्या एका वाक्यासाठी रेडिओ लावून बसायची.

तुमचं सगळं कामच तसं होतं. सांगली नाट्यपंढरी, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक केलं, हे सगळेच सांगतात. तुम्ही नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याकडे गेलात, रंगभूषा करणाऱ्याकडे गेलात. आरेवाडीला बिरोबाच्या बनात रात्रभर बसून धनगरी ओव्या मुद्रित केल्यात. तेही नैमित्तिक कामाच्या तुटपुंज्या मानधनावर, एसटीनं फिरून. हे मला तुमच्याकडून कधीच कळलं नाही. केंद्रावर अब्बांच्या मानधनाचा चेक आणायला गेलो तेव्हा दुसऱ्याकडून कळलं. तो चेक अब्बांनी लगेच वटवला, पण सोबतचं करारपत्र लॅमिनेट करून घेतलं. त्यावर त्यांच्या नावापुढं 'कलाकार' लिहिलं होतं.

२०२० मध्ये मैफली बंद, दुकान बंद. तुम्ही फोनवरून अब्बांना बोलतं केलंत. रेंजसाठी ते माळ्यावर जाऊन बसले होते. चार दिवसांनी आमच्या नेहमीच्या भोपळेवाल्याचा फोन आला. त्यानं शेतात रेडिओवर ऐकलं होतं. "माल घेऊन ठेवा, पैशाचं नंतर बघू," म्हणाला. त्या भोपळ्यांवर आम्ही पुढचं वर्ष काढलं.

अब्बा २०२२ साली गेले. महिन्याभरानं तुम्ही पेनड्राइव्ह घेऊन आलात. नुसतं रूपक असेल असं मला वाटलं होतं. पण तुम्ही त्या दिवसाचं अख्खं मुद्रण दिलंत, न कापलेलं, शेवटच्या पावसाच्या थेंबांसकट.

आता जवारी अडली की मी ती फाईल लावतो. अब्बांची कानस किती वेळ चालते, कुठं थांबते, किती हलकी पडते, ते ऐकतो आणि मग हात लावतो. हाताला धरून शिकवायला ते आता नाहीत. पण तुम्ही तेव्हा माइक बंद केला नव्हता, म्हणून अजून शिकतोय.

सध्या दुकानात तानपुऱ्यांची एक जोडी आहे. दांडी झाली, तबली झाली, पॉलिश सुकतंय. घोडी मुद्दाम बसवलेली नाही. एखाद्या संध्याकाळी या, तुमच्यासमोर जवारी लावतो. स्टूल तेच आहे.

तुमचा,
सतारमेकर गल्लीतला तो आठवीतला मुलगा